निळ्या कडेची बादली

३ फेब्रुवारी

धाकट्या,

त्या सकाळी मी उठलो, तोंड धुतलं, देवासमोर हात जोडले आणि चहा न घेताच वरच्या तळ्यावर गेलो. तू मत्स्यबीज आणायला दोन दिवस बाहेर गेला होतास. मी लहान जाळं टाकून चार मासे काढले, कल्ले उघडून पाहिले आणि परत पाण्यात सोडले. मग शेडमध्ये गेलो. मग घरी येऊन चहा घेतला.

सात वर्षांत ती सकाळ मला तोंडपाठ झाली आहे. आणि दर वेळी ‘शेडमध्ये गेलो’ इथवर आलो की मी उडी मारून चहावर जातो. आताही तेच केलं, बघ.

फोन का नाही केला, असं तू म्हणशील. तुझी वहिनी तुझ्याशी बोलते हे मला माहीत आहे. दर रविवारी ती कपडे वाळत घालायला गच्चीवर जाते आणि अर्ध्या तासाने ओले कपडे तसेच बादलीतून खाली येतात. मी विचारत नाही. तिच्याकडून नंबर घेता आला असता. पण फोनवर माणूस गप्प बसला की पलीकडचा हॅलो हॅलो करायला लागतो. कागद थांबतो.

लिहायचं कारण असं की खालच्या तळ्यात शिंपले झाले आहेत. थोडेथोडके नाहीत, हजारावर असतील. पाणी इतकं नितळ की कमरेएवढ्या पाण्यात तळाशी चालणारा खेकडा वरून दिसतो. मासेही बरे आहेत. मत्स्यखात्याचे साहेब चार वर्षं येऊन बघतात, वहीत लिहून नेतात. आता त्यांनी ठरवलंय की बावीस तारखेला आसपासचे चाळीसेक तळेवाले आपल्याकडे आणायचे आणि मासे, खेकडे, शिंपले एका पाण्यात कसे वाढवायचे ते दाखवायचं. बांधावर पाटी लागणार आहे. पाटीवर माझं नाव आहे.

आई अठ्ठ्याहत्तरची झाली. डोळ्यांना आता फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळतं. जीभ मात्र होती तशीच आहे. पाटीचं ऐकून म्हणाली, “एकानं तळं मारलं, एकानं जगवलं. एकाच पोटचे दोघं.” मी तिच्या औषधाचं पाणी घेऊन तिथेच उभा होतो. पाणी दिलं आणि बाहेर आलो.

बावीस तारखेच्या आत मला तिला खरं सांगायचं आहे. एकदा पाटी लागली की मी सांगणार नाही. मी मला ओळखतो.

तुझा,
दादा


६ फेब्रुवारी

धाकट्या,

आज उडी मारत नाही.

कल्ल्यांवर पांढरे ठिपके होते. रवा भुरभुरावा तसे, बारीक. चारही माशांच्या. मला वाटलं, रोग. अण्णांनी तळी खोदली तेव्हापासूनचे ते मासे, म्हणजे त्यांच्या पिढ्या. आणि तू शिंपले आणून सहा महिनेही झाले नव्हते. मी लगेच जोडणी केली: शिंपल्यांनी रोग आणला.

शेडच्या दारावर खडूने तू लिहून गेला होतास, ‘पाण्यात काही टाकू नये.’ खाली दोन रेघा मारल्या होत्यास. जाताना तोंडानेही सांगितलं होतंस. “दादा, हे चार आठवडे तळ्याला हात लावू नकोस. पिल्लं होतील तेव्हा तुला दाखवतो.” मी हो म्हटलं होतं. काय ऐकलं होतं कोण जाणे.

तो दरवाजा उघडून मी आत गेलो आणि मोरचुदाची पिशवी काढली. पांढऱ्या बादलीत कालवला. अण्णा चिमटीने टाकायचे, शेवाळ फार माजलं तर. मी ओंजळीने घेतला. तळं मोठं आहे, रोग मोठा आहे, म्हटलं. बांधावरून फिरत फिरत तांब्याने ओतला. पाण्यात निळा धूर पसरल्यासारखा दिसत होता. खरं सांगू? बरं वाटत होतं. त्या वर्षी अण्णा दिवसभर तुझ्या दोऱ्यांपाशी बसायचे. तू जाळीच्या पिशव्या वर ओढायचास, शिंपले ब्रशने घासायचास आणि ते तुला विचारायचे, “खाली खेकडे, मधे मासे, वर हे लटकलेले. तिघांत भांडण झालं तर पंच कोण?” तू म्हणायचास, “तुम्ही.” आणि ते हसायचे. माझ्याबरोबर काम करताना ते कधी असे हसलेले मला आठवत नाहीत. तू परत यायच्या आत एकदा तरी मी काहीतरी वाचवलेलं असावं, असं मला वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी दोऱ्या ओढल्या तर शिंपले उघडे. आ वासून पडल्यासारखे. तिसऱ्या दिवशी वास घरापर्यंत आला. मासे पाण्यावर तोंड काढून हवा गिळायला लागले. आणि खेकडे, तुला आठवतं ना, कुंपणाच्या प्लास्टिकवर चढून बसले होते, एकावर एक. पाण्यात राहवेना आणि बाहेर जायला वाट नाही. तिथेच वाळले. अण्णांनी हातांनी काढले एकेक.

तू आलास तेव्हा आम्ही चौघं अंगणात होतो. अण्णा म्हणाले, “तुझ्या खेळण्यांनी माझं तळं खाल्लं.” तू त्यांच्याकडे पाहिलंही नाहीस. माझ्याकडे वळून विचारलंस, “दादा, पाण्यात काही टाकलंस?”

मी म्हटलं, “नाही. देवाशपथ नाही.”

तू माझ्या नखांकडे बघितलंस. मी हात मागे घेतले. त्यानंतर तू या घरात राहिला नाहीस.

त्यामुळे मला वाटतं, तुला तेव्हापासूनच माहीत आहे. म्हणजे ही पत्रं तुला कळवण्यासाठी नाहीत. मग कशासाठी आहेत ते मला नीट सांगता येणार नाही. देवाचं नाव घेऊन खोटं बोललो तेव्हापासून मी रोज हात जोडतो, पण तोंडून काही निघत नाही. मागितलं तर कोणत्या तोंडाने, असं होतं. सवयीने जोडतो, सवयीने सोडतो.

दादा


११ फेब्रुवारी

धाकट्या,

गुडघे दुखतात. आज दिवसभर जाळ्या घासल्या. शिंपल्यांवर शेवाळ आणि चिखल धरतो, दर आठवड्याला काढावा लागतो. तू घासायचास तेव्हा मी म्हणायचो, “दगडाला आंघोळी घालतोयस.” आता मीच घालतो. चाळिसाव्या पिशवीनंतर पाठ सरळ होत नाही. असो.

हे शिंपले आले कुठून ते तुला सांगायचं राहिलं.

अण्णा गेल्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. अण्णा गेले तेव्हा तू आला होतास, दारातूनच नमस्कार केलास आणि गेलास. आई आतल्या खोलीत जाऊन बसली होती. शेवटचे दोन महिने अण्णांनी खाट अशी लावून घेतली होती की वरच्या तळ्याकडे पाठ होईल. तुझं नाव घेतलं नाही. माझ्या हातचं पाणी प्यायले आणि म्हणाले, “तू आहेस म्हणून.” एवढंच. हे वाक्य मी कोणाला सांगितलेलं नाही. लोकांना वाटेल की आशीर्वाद आहे.

तर पुढच्या वर्षी गाळ काढायला मी खालचं तळं उपसलं. चिखलात चालताना तळपायाला काहीतरी कापलं. वाकून चाचपलं तर शिंपला, अर्ध्या तळहाताएवढा, जिवंत. पायाखाली आणखी होते. मी खालच्या तळ्यात कधी शिंपला टाकला नव्हता. तूही नाही. मी चिखलात तसाच उभा राहिलो, एका पायातून रक्त येतंय आणि हातात ते.

साहेब त्या महिन्यात पहिल्यांदा आले होते. नवीनच नेमणूक होती, बोलण्याचा फार उत्साह. मी विचारलं, “साहेब, न टाकता शिंपले होतात का?”

ते म्हणाले, “मासे कुठून आणले होते या तळ्यात?”

“वरच्या तळ्यातून. थोडे लहान मासे वेगळे काढून इकडे सोडले होते.” ते आपण दोघांनीच सोडले होते, तू मत्स्यबीज आणायला जायच्या आठवडाभर आधी.

“मग झालं. शिंपल्याची पिल्लं सुरुवातीला माशाच्या कल्ल्यांना धरून राहतात. दोन-चार आठवडे. मग सुटतात आणि तळाशी बसतात. बघायला बारीक पांढरे ठिपके दिसतात, रव्यासारखे.”

रव्यासारखे. तोच शब्द वापरला त्यांनी, धाकट्या.

मी विचारलं, “माशाला त्रास होत असेल.”

“थोड्यांचा काही नाही. मासा आपला पोहतो. त्याला पत्ताही नसतो आपण काय घेऊन चाललोय.”

त्याआधी माझी समजूत अशी होती की रोग खरा होता, माझं फक्त औषध जास्त झालं. त्या समजुतीवर मी बरीच वर्षं काढली असती. त्या दिवशी कळलं की रोग नव्हताच. तू मला जी दाखवणार होतास तीच पिल्लं होती ती. मी ती मारली आणि तुला हाकललं, आणि जी तू वेळेत खाली नेली होतीस ती तीन वर्षं माझ्या पायाखाली वाढत राहिली.

तुझ्या जुन्या दोऱ्या शेडमध्ये होत्या. त्या काढल्या. मोठे शिंपले जाळीत घालून लटकवले, खेकड्यांच्या नांगीला पोचणार नाहीत एवढे वर. तू जसं करायचास तसंच, अंतरही तेवढंच ठेवलं. पहिल्या वर्षी फार घातले तर पाणी इतकं स्वच्छ झालं की माशांना खायला शेवाळ उरेना, बारीक झाले. मग निम्मे काढले. हे तू असतास तर मला आधीच सांगितलं असतंस.

साहेबांनी विचारलं, “ही पद्धत तुम्ही कुठे शिकलात?” मी म्हटलं, “बघून बघून.” खोटं नव्हतं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

दादा


१५ फेब्रुवारी

तुझ्या वहिनीला सांगितलं. म्हटलं, पहिलं तिला सांगून बघावं, जीभ वळते का.

ती कपडे घड्या करत होती. घडी पुरी केली आणि म्हणाली, “तुमच्या त्या दिवशीच्या शर्टाच्या बाह्या निळ्या होत्या. मीच धुतल्या. दोनदा.”

“म्हणजे तुला...”

“सात वर्षं.”

“मग बोलली का नाहीस? त्याला फोनवर तरी सांगायचंस.”

“मी सांगितलं असतं तर तुम्ही सुटला असता. माझ्यावर चिडला असता, चार दिवस जेवला नसता, की झालात मोकळे.” पुढचा शर्ट घेतला. “आता उठा, त्या उशीच्या अभ्र्यावर बसलाय तुम्ही.”

उठलो.


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

आज आईला सांगायला गेलो आणि तिची नखं कापून आलो.

दुपारी ती खिडकीपाशी बसते, उजेड कळतो म्हणून. म्हटलं, “आई, थोडं बोलायचं आहे.” तिने दोन्ही हात पुढे केले. “बोल. पण आधी नखं काढ, तुझ्या बायकोला घाई असते, ती मांसाला लावते.” मी नखं कापायला घेतली. डाव्या हाताची झाली. उजव्याच्या अंगठ्याशी आलो तेव्हा तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, “पाटी लोखंडाची का लाकडाची?”

“पत्र्याची.”

“लोखंडाची करायची. पत्रा गंजतो. अण्णांना आवडलं असतं. तुझं नाव मोठं काढायला सांग.” मग थोड्या वेळाने, “तो असता तर त्यालाही दाखवलं असतं. बघ म्हटलं असतं, असं असतं तळं राखणं.”

ती त्याचं, म्हणजे तुझं, नाव घेत नाही. ‘तो’ म्हणते. पण रोज म्हणते. आजही मी मोजलं नाही तरी चार वेळा म्हणाली असेल.

मी करंगळीचं नख कापलं, कातरी पुसली आणि उठलो. ती म्हणाली, “काय बोलायचं होतं?” मी म्हटलं, “नंतर.”

“तुझं नंतर म्हणजे अण्णांची शेड,” ती म्हणाली. अण्णांनी शेडला पत्रे घालायला अकरा वर्षं घेतली होती.

फार थकलो आहे रे. कामाने नाही. काम दोन घोट चहा घेतला की उतरतं.

पेंटर पाटी आणून टाकून गेला. शेडमध्ये भिंतीला टेकवली आहे. तिच्या मागे जाळ्यांखाली ती बादली आहे, पालथी. मोरचूद कालवलेली. फेकायला म्हणून दर वर्षी काढतो आणि परत ठेवतो. पांढऱ्या प्लास्टिकला आतून वरच्या कडेला निळा गोल आहे, चार बोटं खाली. घासून जात नाही. मी घासला आहे.

दादा


२२ फेब्रुवारी

धाकट्या,

सांगितलं.

सकाळी सहाला. लोक दहाला येणार होते, आणि परक्यांच्यात बसून तिला कळावं असं नको होतं. ती पलंगावर बसून केस विंचरत होती. मी उंबऱ्यातच उभा राहिलो, कारण आत गेलो असतो तर काहीतरी काम काढून दिलं असतं तिने. म्हटलं, “आई, तळं धाकट्याने मारलं नाही. मी मारलं. मोरचूद टाकला. आणि देवाची खोटी शपथ घेतली.”

फणी थांबली.

“किती?” ती म्हणाली.

मला कळेना.

“किती टाकलास?”

“बादलीभर.”

“तुझ्या बापाने जन्मभर चिमटीने टाकला.” फणीत अडकलेले केस काढत राहिली, एकेक. “त्यांना माहीत होतं?”

“नाही.”

“म्हणजे गेला माणूस पोरावर रुसून. फुकट.” तिचा आवाज चढला नाही. मी चढायची वाट बघत होतो. “सात वर्षं लागली मला त्याचं नाव तोंडात येऊ द्यायचं नाही हे शिकायला. दिसत नाही, ऐकू कमी येतं, तेवढं एक नीट जमत होतं मला. आता या वयात ते पण उलटं शिकू?”

मी पाय धरायला वाकलो तर तिने पाय वर घेतले. “ते नको. कोण येणार आहेत म्हणालास आज?”

“तळेवाले. मी साहेबांना कळवतो, नको म्हणून.”

“नको कशाला? त्याला नावं ठेवली ती मी चारचौघांत ठेवली. विहिरीवर ठेवली, दुकानात ठेवली. आणि तू उंबऱ्यात उभा राहून माझ्या एकटीच्या कानात सांगतोस? माझी खुर्ची बांधावर नेऊन ठेव.”

नेऊन ठेवली.

साहेबांनी माझी ओळख करून दिली, टाळ्या झाल्या. मी शेडमधली ती बादली घेऊन उभा होतो. लोकांना वाटलं, खाद्य टाकून दाखवणार. मी सगळं सांगितलं. फार वेळ लागला नाही. सात वर्षं पोटात होतं आणि पाच मिनिटांत संपलं. रव्याएवढे ठिपके, खडूने लिहिलेला दरवाजा, बादलीतला निळा गोल, शपथ, सगळं. म्हटलं, ही पद्धत माझ्या भावाची आहे, माझ्याकडे फक्त उरली. साहेब चष्मा पुसत राहिले. मग मागून एक म्हातारा तळेवाला म्हणाला, “मी पण असंच केलंय एकदा. माझ्याकडे फक्त आळ घालायला भाऊ नव्हता.” दोघं-तिघं हसले, मग तेही थांबले. आणि मग एकाने विचारलं, “मोरचूद टाकायचा नाही, तर मग शेवाळ माजल्यावर करायचं काय?” त्यावर तासभर बोलणं झालं. शिंपल्यांबद्दल, पाण्याबद्दल, दोऱ्या किती खोल सोडायच्या त्याबद्दल. लोक कामाचंच विचारतात. बरं असतं ते.

आई ऐकत होती. पूर्णवेळ तोंड तळ्याकडे.

पाटी लावली नाही. थिनरने माझं नाव पुसलं, जागा मोकळी ठेवली आहे. तुला न विचारता तुझं नाव लिहिणार नाही. एकदा न विचारता तुझ्या तळ्यात हात घातला तेवढं पुरे. वरचं तळं सात वर्षं कोरडं आहे. त्यात पाणी सोडायचं की नाही, तेही तू सांगशील तेव्हा. सांगितलं नाहीस तरी मी समजून घेईन, लगेच समजून घेईन असं मात्र नाही.

लोक गेल्यावर आईला आत आणलं. ती म्हणाली, “बादली दे.” दिली. तिने कडेवरून बोट फिरवलं, पूर्ण गोल.

“कुठे आहे निळं?”

“आतून. वर.”

“मला दिसत नाही. ज्यांना दिसतं त्यांच्यासाठी ठेव. दारात.”

“दारात?”

“येणाऱ्याने विचारलं की सांगायचं. मी मेल्यावर पण.”

तुझी वहिनी म्हणाली, “अहो, चपलांच्या शेजारी ठेवते,” आणि ठेवली.

मग देवासमोर उभा राहिलो. आजही काही मागितलं नाही. पण तोंड उघडलं, आणि जे आईला सांगितलं तेच पुन्हा सांगितलं, त्याला आधीच माहीत असून. त्याचीच तर शपथ घेतली होती.

या पत्राबरोबर आधीची पाचही घालतो आहे. पोस्ट बंद व्हायला वीस मिनिटं आहेत, म्हणून अक्षर असं. आईला विचारलं, काही लिहू का तुझ्याकडून. बराच वेळ ओठ हलले. मग म्हणाली, “लिही, जेवतो का वेळेवर.” आणि मग तुझं नाव म्हणाली. नीट आलं नाही, मधेच अडकलं. पुन्हा म्हणाली.

बादली दारात डाव्या हाताला आहे. आलास तर जपून, पाय लागेल.

तुझा,
दादा